रेडिओॲक्टिव्ह आयोडीन घेतलेलं कुणी आहे का इथे? हायपरथायरॉइड, नाशिक

रानजाई | १९ सप्टेंबर २०२४, रात्री ११.४०

नमस्कार. परवा बाप्पा गेले, घर रिकामं झालं, पोरगी झोपली, म्हणून आत्ता लिहायला बसलेय.

वय ३६, राहायला इंदिरानगर, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोनेक वर्षांपूर्वी वजन आपोआप उतरायला लागलं. नऊ किलो! स्टाफरूममध्ये कौतुक, "काय गं, कुठलं डाएट?" मीही खूश. मग फळ्यावर लिहिताना हात थरथरायला लागला. दुसरीतल्या एकाने विचारलं, "बाई, तुमचा श असा नाचतो का?" त्या दिवशी घरी जाऊन नाडी मोजली, बसल्या जागी ११८. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन) जवळजवळ शून्य, फ्री टी-४ (थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन) वरच्या मर्यादेच्या अडीच पट, अँटिबॉडी पॉझिटिव्ह. ग्रेव्ह्ज, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी थायरॉइडला जास्त पळवतात.

(टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड जास्त. हे मी आतापर्यंत इतक्या वेळा समजावलंय की सासूबाईसुद्धा आता शेजारणींना समजावतात. सुरुवातीला "तुझा तर कमी आलाय, मग चांगलंच की" असं चौघींनी सांगून झालं होतं.)

अठरा महिने कार्बिमॅझोल (थायरॉइड दाबणारी गोळी) घेतली. बंद केल्यावर चौथ्या महिन्यात सगळं परत. आता डॉक्टर म्हणतात, रेडिओआयोडीन घ्या, नाहीतर ऑपरेशन, किंवा पुन्हा गोळ्या. त्यांचा कल आयोडीनकडे आहे. एक कॅप्सूल गिळायची, संपलं म्हणे. संपलं म्हणजे नक्की काय, ते विचारायला बाहेर रांग होती, सुचलं नाही.

मुलगी चार वर्षांची आहे, अजून माझ्या कुशीत झोपते. दुसऱ्या मुलाचा विचार डोक्यातून गेलेला नाही. आणि रेडिओॲक्टिव्ह हा शब्द ऐकून आमच्याकडे सगळे एकदम गप्प झालेत. ज्यांनी घेतलंय त्यांनी खरं काय झालं ते सांगा. गुगलवर वाचून वाचून नाडी आणखी वाढलीये.

चिवडा_कांदा_लिंबू | २० सप्टेंबर, सकाळी ७.१५

अंधारात चमकायला लागलात तर लाइटबिल वाचेल. (सॉरी. माझ्या मावशीने घेतलंय, ती अजून तरी चमकत नाही, फक्त सकाळी अर्धा तास चहा देत नाही, कारण स्वतः थायरॉइडची गोळी घेऊन बसलेली असते.)

देवळालीचे_काका | २० सप्टेंबर, सकाळी ९.०२

ताई, मी २०११ साली घेतलं. वय तेव्हा ५५. माझा प्रकार तुमच्यापेक्षा वेगळा, ग्रेव्ह्ज नव्हता, थायरॉइडमध्ये गाठी होत्या आणि त्यातल्या दोन आपल्याच मनाने हार्मोन सोडत होत्या. हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून पकडलं गेलं. ईसीजी काढणाऱ्या मुलाने दोनदा काढला, त्याला वाटलं मशीन बिघडलं.

डोस घेतल्यावर चौथ्या दिवशी मान दुखायला लागली. कोणीतरी आतून बोट दाबून धरल्यासारखी. गिळताना कानापर्यंत कळ. पॅरासिटॅमॉलवर पाच-सहा दिवसांत गेली. बाकी काहीच नाही. मला पुढे सात वर्षं कुठली गोळी लागली नाही, २०१८ मध्ये टीएसएच वर गेला तेव्हापासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. गाठींच्या प्रकारात आयोडीन मुख्यतः त्या माजलेल्या गाठीच ओढून घेतात, उरलेली ग्रंथी बरीचशी वाचते, असं मला समजावलं होतं. तुमच्यात अख्खी ग्रंथीच तापलेली असते, तेव्हा माझ्या सात वर्षांवर जाऊ नका.

सई_पौडरोड | २० सप्टेंबर, दुपारी १.३०

मी पुण्याची, पण लिहिते, कारण माझं डोळ्यांचं झालं आणि ते कोणीतरी सांगायला हवं.

माझे डोळे आधीपासून थोडे मोठे दिसायचे, पाणी यायचं, सकाळी पापण्या सुजलेल्या. मी ते कॉम्प्युटरवर ढकललं आणि डॉक्टरांना बोललेच नाही. आयोडीन घेतल्यावर अडीच महिन्यांनी एक दिवस जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन दिसायला लागल्या. ग्रेव्ह्जमध्ये डोळ्यांमागच्या स्नायूंना सूज येते आणि रेडिओआयोडीननंतर काही जणांत ती वाढते. आधीपासून डोळ्यांचा त्रास असेल आणि त्यात सिगारेट असेल तर धोका जास्त. मी ओढत नाही, पण नवरा घरात ओढायचा. आता गच्चीवर जातो.

स्टिरॉइड घ्यावं लागलं, शिरेतून, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. आता दोन दिसत नाही. फोटोत मात्र मी कायम दचकलेली दिसते. डोळ्यांची सूज सौम्य असेल तर डोससोबतच प्रेडनिसोलोनचा (हेही स्टिरॉइडच) छोटा कोर्स देतात. सूज जोरात असेल तर बरेच डॉक्टर आयोडीन देतच नाहीत. म्हणून रानजाई, डोस ठरवण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा जाच. काही नसलं तरी जा.

निसर्गसेवक | २० सप्टेंबर, दुपारी ३.४८

किरणोत्सर्ग शरीरात घालून कोणी बरं होतं का? चेर्नोबिल विसरलात? समुद्री शेवाळाची पावडर आणि अश्वगंधा सुरू करा, तीन महिन्यांत थायरॉइड जागेवर येतो. माझ्या मेहुणीचा आला.

अणुरेणू | २० सप्टेंबर, रात्री १०.२०

मूळची पंचवटीची, आता मुंबईत एका न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. रोज हे कॅप्सूल हाताळते, तेवढ्या अधिकारावर बोलते.

निसर्गसेवक, तुमच्या मेहुणीचा थायरॉइड कमी होता का जास्त? समुद्री शेवाळ म्हणजे आयोडीनचं कोठार. हायपरच्या माणसाला ते देणं म्हणजे पेटलेल्या चुलीत रॉकेल. अश्वगंधाने थायरॉइड हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे हायपरवाल्यांनी तिच्यापासून लांबच राहावं. शिवाय डोसच्या आधी शेवाळ खाल्लं तर ग्रंथी आयोडीनने भरून जाते आणि आमचं कॅप्सूल वाया जातं. रंग टाकून केलेल्या सीटी स्कॅनचंही तेच, त्या औषधात आयोडीन असतं. नुकताच झाला असेल तर आधी सांगायचं.

आता चेर्नोबिल. प्रश्न चुकीचा नाही, सगळे विचारतात. १९८६ साली तिथल्या लहान मुलांनी दुधातून आयोडीन-१३१ घेतलं आणि पुढे त्यांच्यात थायरॉइडचा कर्करोग वाढला. तेच आयोडीन-१३१ आम्ही देतो, यात लपवण्यासारखं काही नाही. फरक असा की तिथे मुलांच्या वाढत्या ग्रंथीला इजा झाली पण पेशी जिवंत राहिल्या. इथे डोस एवढा असतो की पेशी मरतात. हे आयोडीन ग्रंथी स्वतःहून ओढून घेते, त्यातून निघणारे बीटा कण एक-दोन मिलिमीटरच जातात, म्हणजे मार बहुतेक तिथल्या तिथेच. १९४१ मध्ये बॉस्टनला सॉल हर्ट्झ यांनी पहिला रुग्ण असा बरा करायला घेतला, तेव्हापासूनचा उपचार आहे. आपल्याकडचं बरंचसं आयोडीन तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) अणुभट्टीतून येतं, आपल्या डोळ्यांसमोरच आहे ते.

कर्करोगाबद्दल सरळ सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेतली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, १९४६ ते १९६४ दरम्यान उपचार घेतलेले सुमारे १९ हजार रुग्ण. शरीराला डोस जितका जास्त, तितका काही कर्करोगांनी मृत्यूचा धोका किंचित वाढलेला दिसला. त्यावर भरपूर वाद झाला, आणि इतर पाहण्यांत एकूण कर्करोग वाढलेला आढळला नाही. म्हणजे धोका असलाच तर छोटा आहे. पण कोणी "शून्य" म्हणालं तर मान डोलावू नका. वर्षानुवर्षं धडधडणारं हृदय आणि ठिसूळ होणारी हाडं हाही धोकाच आहे, तो मात्र कोणाला दिसत नाही.

रानजाई, मुलीचं आणि पुढच्या बाळाचं: डोसच्या दिवशी गरोदर नसल्याची तपासणी होणारच, ती झाल्याशिवाय आम्ही डबा उघडत नाही. त्यानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळायची. (बाळ अंगावर पीत असेल तर हा उपचार लगेच नाही. आधी किमान सहा आठवडे दूध पूर्ण बंद, आणि त्या बाळाला पुन्हा सुरू करायचं नाही.) मुलीला काही दिवस कुशीत घेता येणार नाही. किती दिवस ते डोसवर ठरतं. मांडीवर बसवणं, शेजारी झोपवणं बंद. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून गप्पा चालतात.

निसर्गसेवक | २० सप्टेंबर, रात्री ११.०५

मेहुणीला विचारलं. तिचा कमी होता. तरी माझं मत कायम आहे.

रानजाई | २१ सप्टेंबर, सकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार, सईचे जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. अणुरेणू ताई, एक मूर्खासारखा प्रश्न. मुंबईला डोस घेऊन पंचवटी एक्सप्रेसने संध्याकाळी परत आलं तर चालेल का? आणि कसाऱ्याच्या घाटात मला हमखास उलटी होते.

अणुरेणू | २१ सप्टेंबर, सकाळी ८.१०

अजिबात मूर्खासारखा नाही, हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मग घाटात आम्हाला फोन येतो. पंचवटीत मांडीला मांडी लावून चार तास, शेजारी कोण बसेल, पोटुशी बाई असेल का, सांगता येत नाही. गाडी करा. तुम्ही मागे, डाव्या बाजूला, म्हणजे चालवणाऱ्यापासून सगळ्यात लांब. उलटीचं डोस देणाऱ्यांना आधीच सांगा, ते गोळी देतील. औषध पोटातून बरंचसं शोषलं जायला एक-दोन तास लागतात, तेवढं थांबून निघा. नाशिकमध्येच सोय होते का तेही फोन करून विचारा, सगळीकडे स्कॅन होतो म्हणून डोस मिळतोच असं नाही.

गोदाकाठ | २२ सप्टेंबर, रात्री ९.३३

दुसरी बाजू. माझ्या बायकोने ऑपरेशन निवडलं. गळा बराच सुजलेला होता आणि आम्हाला मूल लवकर हवं होतं. थायरॉइड गेला, प्रश्न मिटला, दुसऱ्या दिवसापासून गोळी. पण तिसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आणि बोटं आखडायला लागली, कॅल्शियम उतरलं होतं. शेजारच्या छोट्या ग्रंथी दुखावतात त्यामुळे. दोन महिने कॅल्शियमच्या गोळ्या. आवाज सहा आठवडे घोगरा. ती भजन म्हणते, त्यामुळे तो काळ आमच्या घरात फार वाईट गेला. आज सगळं ठीक. सर्जन महिन्यात अशी किती ऑपरेशनं करतो ते विचारा, लाजू नका.

आणि परत गोळ्यांवर राहायचं ठरवलंत तर: कार्बिमॅझोल चालू असताना ताप आणि घसा दुखला की तो साधा घसा समजू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या. आम्हाला हे केमिस्टने सांगितलं.

संपादक | २३ सप्टेंबर

शेवाळावरचे अकरा प्रतिसाद हलवले आहेत. धागा विषयावर राहू द्या.

रानजाई | २० ऑक्टोबर २०२४, दुपारी ४.१५

घेतला. परवा, शुक्रवारी, १८ तारखेला. १२ मिलिक्युरी (किरणोत्सर्गाचं माप). डोळे तपासले, स्वच्छ निघाले. कार्बिमॅझोल आठवडाभर आधी बंद केली होती, त्यामुळे दसरा धडधडतच गेला. प्रोप्रानोलोल (धडधड आवरणारी गोळी) होती म्हणून निभावलं.

प्रसंग इतका साधा होता की अपमान झाल्यासारखं वाटलं. एक मुलगा शिशाचं जाडजूड भांडं घेऊन आला, त्यात प्लॅस्टिकची नळी, नळीत नेहमीसारखं कॅप्सूल. हात न लावता नळीतून थेट तोंडात. वर ग्लासभर पाणी. चव नाही, वास नाही, काही नाही. तो लगेच चार पावलं मागे सरकला, तेवढंच काय ते जाणवलं.

मुलीला दोन दिवस आधीच सिन्नरला आईकडे सोडलंय. पंधरा दिवस लांब राहायला सांगितलंय आणि चार वर्षांच्या पोरीला हातभर अंतर समजावणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मी मागच्या खोलीत. पाणी भरपूर पितेय, दर तासाला फेरी, दोनदा फ्लश. माझे कपडे आणि पंचा वेगळा धुतेय. नवऱ्याने दारावर खडूने रेघ मारलीये आणि रेघेपलीकडून चहा सरकवतो. सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळं काढलंय, हे अपेक्षितच होतं, फक्त त्यांनी ते हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी ठेवलंय, त्याचा अर्थ लागलेला नाही.

घाटात उलटी झाली नाही. गोळी घेतली होती, शिवाय आलेपाक.

अणुरेणू | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.००

ताट नीट घासलं की झालं, फेकू वगैरे नका. या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवस. दर आठ दिवसांनी निम्मं, आणि लघवीवाटे जातं ते वेगळं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे, ते झाले की तुम्हीच कंटाळाल. डोस घेतल्याचं कार्ड दिलंय ना? पुढचे तीनेक महिने विमानप्रवास केलात तर जवळ ठेवा, विमानतळावरची यंत्रं फार तिखट नाकाची असतात.

रानजाई | ४ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.३०

काल भाऊबीजेला पोरगी घरी आली. सतरावा दिवस होता, तरी मी दारात दोन मिनिटं हात मागे बांधून उभी. तिने "आई, तुझ्यातलं औषध संपलं का?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता अंगावर आली.

मधल्या दिवसांचा हिशेब देते, कारण मी हेच शोधत होते आणि मिळत नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून मान दुखली, काकांनी लिहिलंय तशीच, कानापर्यंत. चार दिवसांत गेली. तोंडाला पितळेच्या भांड्यात ठेवलेल्या ताकासारखी चव, आठवडाभर. आठव्या ते बाराव्या दिवशी धडधड परत वाढली, रात्री उशीत ठोके ऐकू यायचे. फोन केला. ग्रंथी फुटताना साठलेला हार्मोन रक्तात येतो म्हणाले, प्रोप्रानोलोल वाढवून दिली आणि ताप, गोंधळल्यासारखं किंवा दम लागला तर थेट दवाखान्यात या म्हणाले. तसं काही झालं नाही. केस गळले नाहीत. मळमळ एक दिवस.

नरकचतुर्दशीला एकटीने अभ्यंगस्नान केलं. चकल्या रेघेपलीकडून आल्या. पाडव्याला सासूबाईंनी माझं ताट उचलून मुकाट रॅकमध्ये बाकीच्या ताटांत ठेवलं.

चिवडा_कांदा_लिंबू | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.००

अभिनंदन. तुम्ही आता मोठ्या बुश साहेबांच्या पंगतीला. ते अध्यक्ष असताना १९९१ मध्ये त्यांनी हाच डोस घेतला होता. बायकोलाही ग्रेव्ह्जच. नवरा-बायको दोघांना कसा, म्हणून व्हाइट हाऊसचं पाणीसुद्धा तपासलं, त्यात काही सापडलं नाही. मांजरांनाही हायपरथायरॉइड होतो आणि त्यांनाही हेच देतात असं परवा वाचलं. मांजराला दोनदा फ्लश कोण शिकवतं देव जाणे.

रानजाई | ३ डिसेंबर २०२४

सहा आठवड्यांचा रिपोर्ट: फ्री टी-४ नॉर्मल, टीएसएच अजून तळाला. डॉक्टर म्हणाले, टीएसएच बराच काळ झोपलेला होता, जागा व्हायला वेळ घेईल, आता फ्री टी-४ कडे बघायचं. परत डिसेंबरअखेर तपासा. मी खूश. नाडी ७८. फळ्यावरचा श सरळ.

रानजाई | १४ जानेवारी २०२५, रात्री ९.५०

तिळगूळ घ्या सगळ्यांनी. धागा वर काढतेय, पण विशेष काही नाही.

यंदा नाशिकची थंडी सोसवत नाहीये. निफाडचा पारा रोज पेपरात येतोय, त्यामुळे सगळेच कुडकुडतात म्हणा, पण मी वर्गात दोन स्वेटर आणि वर शाल. धडधड पूर्ण गेली, नाडी ५६, एकदम योग्यासारखी. झोप तर इतकी छान लागते की रविवारी दुपारी दोनला आडवी झाले ती दिवेलागणीला उठले. वजन पाच किलो वाढलंय, तिळाच्या पोळ्या दुसरं काय. गॅदरिंगच्या गडबडीत कंबर आणि पिंढऱ्या भरून आल्यात. चेहरा जरा फुगलाय, नवरा म्हणतो तब्येत सुधारली. एवढंच की मुलं म्हणतात, "बाई, तुम्ही कविता हळूहळू म्हणता." वय झालं आता!

अणुरेणू | १४ जानेवारी, रात्री १०.०६

डिसेंबरअखेरची तपासणी केली होती का?

रानजाई | १४ जानेवारी, रात्री १०.१०

नाही. गॅदरिंग होतं. मागच्या रिपोर्टमध्ये नॉर्मल होतं ना.

अणुरेणू | १४ जानेवारी, रात्री १०.१२

उद्या सकाळी लॅब. टीएसएच आणि फ्री टी-४ दोन्ही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस बंद करून मग जा, त्याने आकडे फसवे येतात. गाडी चालवताना जपा.

देवळालीचे_काका | १५ जानेवारी, सकाळी ७.४०

ताई, थंडी आम्हालाही वाजते, पण दिवेलागणीपर्यंत झोप येत नाही. जाऊन या.

रानजाई | १७ जानेवारी २०२५, रात्री ११.२०

फ्री टी-४ ०.३. टीएसएच ४८.

सहा आठवड्यांपूर्वी जो आकडा मधोमध होता तो तळाला. आगीतून फुफाट्यात म्हणायचं की ठरल्याप्रमाणे झालं म्हणायचं? डॉक्टर दुसरं म्हणाले. ग्रेव्ह्जमध्ये हा डोस देतातच यासाठी, ग्रंथी बंद पडावी आणि बाहेरून गोळी देऊन गाडी सरळ चालावी. बहुतेकांचं पहिल्या काही महिन्यांत होतं, वर्षभरात तर होतंच होतं. हे मला ऑक्टोबरात सांगितलं होतं. मी "हो हो" म्हटलं होतं. तेव्हा माझं सगळं लक्ष त्या शिशाच्या भांड्याकडे होतं.

मला राग येतोय तो स्वतःचाच. चार महिने मी किरणांना घाबरले. खडूची रेघ, वेगळा पंचा, पोरगी सिन्नरला, सगळ्या घराने ताकही फुंकून प्यायलं. आणि ज्याने खरोखर पाडलं ते आलं कसं? झोप बनून, गोड. अडीच वर्षं जे धडधडत होतं ते शांत झालं, याचाच इतका आनंद की शांत होत होत ते थांबायला आलंय हे कळलंच नाही. थंडी म्हणावी तर निफाड. वजन म्हणावं तर संक्रांत. आळस म्हणावा तर गॅदरिंग. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे नाशिकचं कारण तयार होतं.

आणि नवरा "तब्येत सुधारली" म्हणाला म्हणून त्याच्याशी तीन दिवस बोलले नाही. त्यात त्याचा काय दोष. हायपरमध्ये वजन उतरताना मीही कौतुकच ऐकत होते.

आजपासून लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) १०० मायक्रोग्रॅम. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची गोळी चार तासांनी. सहा आठवड्यांनी परत रक्त.

सई_पौडरोड | १८ जानेवारी, सकाळी ९.१५

तुझ्या चौदा तारखेच्या पोस्टला मीही तिळगूळ दिला होता की. मला कळायला हवं होतं, मला तर हे होऊन गेलंय. एक सांगते, टीएसएच चढलेला बराच काळ राहू दिला तर डोळ्यांनाही चांगलं नसतं. त्यामुळे वेळेत पकडलं हे बरंच.

गोदाकाठ | १८ जानेवारी, सकाळी १०.४०

बायको म्हणते गोळी उशाशी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवा, स्वयंपाकघरात ठेवली की चहा आधी होतो. आणि डबी उन्हातल्या खिडकीत नको, एप्रिलमध्ये आपल्याकडे काय होतं माहितीये.

रानजाई | २७ एप्रिल २०२५, दुपारी १२.३०

फार दिवसांनी. टीएसएच ३.१. दुसऱ्या तपासणीला तो १२ होता, म्हणून डोस ११२ वर नेला. वजनातलं तीन किलो गेलं, दोन राहिलं, राहू दे. कविता वेगात म्हणते. काल शाळेत निकाल लागला, चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता चढले, मग आठवलं की गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर खांबाला धरून उभी राहायचे.

सहा महिने १८ एप्रिलला पूर्ण झाले. दुसऱ्या बाळाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आधी टीएसएच अडीचच्या खाली आणू, दिवस राहिले की लगेच कळवा कारण गोळीचा डोस वाढवावा लागतो. आणि एक गोष्ट जी मला माहीत नव्हती: ग्रंथी मेली तरी ग्रेव्ह्जच्या अँटिबॉडी रक्तात वर्षानुवर्षं राहू शकतात, त्या वारेतून बाळापर्यंत जातात आणि बाळाचा थायरॉइड पेटवू शकतात. म्हणून "माझा आता कमी आहे" एवढंच सांगून भागत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना आयोडीन घेतल्याचं सांगायचं आणि अँटिबॉडी तपासायची. माझ्या फाइलवर मी हे लाल पेनने लिहून ठेवलंय.

ओझरकर | २ जून २०२५, रात्री १०.००

पूर्ण धागा वाचला, दोनदा. माझा डोस येत्या शुक्रवारी, मुंबईत. माझं आणि घाटाचंही जमत नाही. काय काय न्यायचं?

रानजाई | २ जून २०२५, रात्री १०.२५

मागची डावी सीट. आलेपाक. आधी सांगून उलटीची गोळी. पाण्याच्या दोन बाटल्या, आणि स्वतःची उशी, परतीच्या वाटेवर मान ठेवायला. पुरुष आहात म्हणून सांगते, पंधरा दिवस लघवी बसूनच, उडवाउडवी नको, आणि मुलाचा विचार असेल तर चार महिने थांबा. सिगारेट असेल तर आजच बंद, सईची पोस्ट परत वाचा.

आणि आत्ता, हे वाचता वाचता, मोबाइलमध्ये तारखा टाका. डोसनंतर सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे. गजर लावून. त्या दिवशी गॅदरिंग असलं तरी.

ओझरकर | २ जून २०२५, रात्री १०.३१

टाकल्या. चौदावा आठवडा पितृपक्षात येतोय.

रानजाई | २ जून २०२५, रात्री १०.३३

लॅब चालू असते.